हिवाळा मांडायचा कसा?

ट्रॉम्सोला शिकायला किंवा नोकरीसाठी निघालेल्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: ‘तिथे म्हणे दोन-दोन महिने सूर्यच उगवत नाही. मग तुम्ही करता काय?’ माझ्या पहिल्या हिवाळ्यात आई फोनवर हे रोज विचारायची. मी रोज वेगळं उत्तर द्यायचे आणि ती सगळी थापेबाजी असायची. खरं तर त्या वर्षी मी काहीच केलं नाही. दिवसभर ट्यूबलाइटच्या उजेडात बसून कॅलेंडरवर फुल्या मारल्या आणि सूर्याची वाट बघितली. जानेवारी येईपर्यंत चिडचिड, अवेळी झोप आणि चार किलो वजन एवढी कमाई झाली होती.

दुसऱ्या वर्षी आजूबाजूला नीट पाहिलं. शेजारी कोणी वाट बघत नव्हतं. नोव्हेंबर लागला तशी खिडकीखिडकीत दिव्यांची आरास सुरू झाली, स्कीला मेण लागलं, बर्फावर चालायचे काटे दाराशी आले. आपण संसार मांडतो, पूजा मांडतो, भातुकली मांडतो, तसा ही माणसं हिवाळा मांडतात. मांडलेल्या गोष्टीत जीव रमतो, नुसत्या सोसलेल्या गोष्टीत तो रमत नाही. हा लेख त्या मांडणीबद्दल आहे. उदाहरण उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं आहे, पण यातलं बरंचसं उत्तर स्वीडन आणि फिनलंडमध्येही चालेल.

आधी उजेडाचा हिशेब

ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे 350 किलोमीटर उत्तरेला आहे. साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. दक्षिणेला डोंगर असल्यामुळे गावात तो प्रत्यक्ष दिसायला 21 जानेवारी उजाडते. या काळाला तिथले लोक ‘मोर्केतीद’ म्हणतात, म्हणजे अंधाराचे दिवस.

पण अंधाराचे दिवस म्हणजे चोवीस तासांची अमावास्या नव्हे. 21 डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीसुद्धा, भरदुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीनेक अंश खाली असतो. म्हणजे आपल्याकडे सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी जसं फटफटलेलं असतं, तसा उजेड. फरक एवढाच की तिथे तो पुढे सरकतच नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास आभाळ उजळू लागतं, दक्षिणेकडे गुलाबी-केशरी पट्टा येतो, बर्फ निळा दिसू लागतो आणि दुपारी दोनच्या आसपास सगळं पुन्हा मिटत जातं. एकच पहाट चार-साडेचार तास चालते. लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात वेदांतल्या अशाच लांबलेल्या उषेच्या वर्णनांवर बरीच भिस्त ठेवली होती. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मान्य करत नाहीत. तरीही ट्रॉम्सोच्या पुलावर डिसेंबरात दुपारी बारा वाजता उभं राहिलं, की सिद्धान्त राहू दे, पण ते वर्णन त्यांना एवढं का खुणावलं असेल ते समजतं.

यातून पहिला नियम निघतो: अकरा ते एक ही वेळ डायरीत लिहून ठेवा आणि कुणालाही देऊ नका. ऑफिसात असाल तर जेवणाची सुट्टी तेव्हा घ्या आणि त्यातली वीस मिनिटं बाहेर चाला. विद्यार्थी असाल तर कपडे धुणं, किराणा, ईमेल ही कामं तीननंतर ढकला, त्यांना निळा उजेड लागत नाही. घरी फोन करण्याचा मोहही याच वेळी होतो, कारण हिवाळ्यात तिथले बारा म्हणजे भारतातले साडेचार, आईच्या चहाची वेळ. मग चालता चालताच व्हिडिओ कॉल लावा. आईला निळा बर्फ आणि मागचा गुलाबी डोंगर दिसला, की ‘करता काय?’ हा प्रश्न आपोआप बंद होतो. माझ्या आईनं तर विचारलं, ‘अगं, एवढं सुंदर आहे तर रोज रडतेस कशाला?’

चंद्राकडेही लक्ष ठेवा. हिवाळ्यातली पौर्णिमा इतक्या उत्तरेला आभाळात फार उंच येते. अनेक वर्षी तर मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस मावळतच नाही, आभाळभर गोल फिरत राहतो. खाली बर्फ असला की त्या चांदण्यात विजेरीशिवाय चालता येतं. कोजागरीचं मसाला दूध मी तिकडे डिसेंबरपर्यंत लांबवते.

थंडी बेताची, घसरण फार

लोक ध्रुवाजवळची थंडी म्हणून धास्तावतात. ट्रॉम्सोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे 4 अंशांच्या आसपास असतं आणि उणे 15 च्या खाली पारा क्वचितच जातो. अटलांटिकमधून उत्तरेला येणारा उबदार सागरी प्रवाह किनारा उबवत ठेवतो, बंदर गोठत नाही. किनारा सोडून आत फिन्मार्कच्या पठारावर गेलात की चित्र पालटतं. तिथे उणे 30 ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. नॉर्वेतलं आजवरचं नीचांकी तापमान, उणे 51.4 अंश, तिथल्याच काराशोकचं, 1 जानेवारी 1886 रोजी नोंदलेलं. तेव्हा कपडे घेण्याआधी तुमचं गाव किनाऱ्यावर आहे की आत, हे बघा.

किनाऱ्यावरची खरी अडचण बर्फ वितळून पुन्हा गोठण्याची आहे. रात्री पाऊस, सकाळी गारठा आणि रस्त्याची काच झालेली. पहिल्याच आठवड्यात ‘ब्रॉडर’ घ्या. बुटाच्या तळाला रबराने अडकवायचे हे लोखंडी काटे किराणा दुकानातही मिळतात. दुकानात किंवा बसमध्ये शिरताना ते काढायचे असतात, नाहीतर फरशीवर तुम्हीच घसराल. चालताना पावलं छोटी टाका, गुडघे थोडे सैल ठेवा, हात खिशाबाहेर असू द्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून किंवा शेताच्या बांधावरून आपण जसं चालतो, तसंच. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

दुसरी वस्तू रिफ्लेक्टर. संक्रांतीला आपण काळं नेसतो, तिकडे लोक हिवाळाभर काळ्या कोटात वावरतात. गाडीच्या साध्या दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस चालकाला सुमारे 25-30 मीटरवर आल्यावर दिसतो, तर रिफ्लेक्टर लावलेला जवळपास 140 मीटरवरून. हा फरक जिवाचा आहे. दोन रिफ्लेक्टर गुडघ्याच्या उंचीला लोंबतील असे लावा, एक दप्तराला. मुलांच्या अंगावर तर ते हवेतच. गाडी चालवणार असाल तर काटेरी टायर उत्तर नॉर्वेत 16 ऑक्टोबर ते 30 एप्रिल चालतात. रेनडिअर आणि मूस रस्त्यावर येतात, तेव्हा अंधारात वेग आवरा.

कपडे: गोधडीचं तत्त्व

पुण्याहून निघताना घेतलेला जाडजूड स्वेटर पहिल्याच वाऱ्यात हरतो. एकच जाड कपडा कामाचा नसतो. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि ऊब असते ती त्या थरांमधल्या हवेत. तेच इथे करायचं.

अंगालगत लोकर. मेरिनो लोकरीचे पातळ सदरा-पायजमे टोचत नाहीत आणि घाम आला तरी गार पडत नाहीत. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरात ठेवा, सूत ओलं झालं की अंगातली ऊब खेचून घेतं. त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीसचा मधला थर. सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे लोकरी मोजे घातल्यावर बोटं हलतील. बोटं हलली नाहीत तर कितीही महाग बूट गारच. हातमोज्यांपैकी चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना उबवतात. मफलरपेक्षा गळ्यात नळीसारखा घालायचा कपडा सोयीचा, वारा सुटला की नाकावर ओढता येतो.

सगळं नवं घेऊ नका. ‘फ्रेटेक्स’सारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली लोकर स्वस्तात मिळते. नॉर्वेत अनेक गावांत ‘बुआ’ नावाची योजना आहे, तिथे स्की, बर्फावरचे जोडे, घसरगाड्या फुकट वापरायला मिळतात. लोकर दर वेळी धुवायची नसते, रात्रभर बाल्कनीत टांगली की वास जातो. आणि कुणाच्या घरी जाताना पिशवीत घरातल्या चपला ठेवा. बूट दारात काढण्याची पद्धत तिकडेही आपल्यासारखीच पक्की आहे, पण फरशी आपल्यासारखी नसते.

घर: दिवे खाली उतरवा

पहिल्या वर्षीची माझी मोठी चूक म्हणजे छताचा पांढराशुभ्र दिवा. अंधार हटवायच्या नादात मी घराची शस्त्रक्रियेची खोली करून टाकली होती. शेजाऱ्यांची घरं बाहेरून पाहिली तर प्रत्येक खिडकीत एक छोटा पिवळा दिवा, टेबलाशी एक, कोपऱ्यात एक, आणि मेणबत्त्या. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून खिडकीत कागदी तारा आणि सात दिव्यांची कमान येते. पडदे ओढत नाहीत. आपला दिवा रस्त्यावरच्याला दिसावा, असाच सगळा बेत.

मराठी घराला यासाठी नवं काही शिकायची गरज नाही. दिवाळीचा आकाशकंदील उतरवूच नका. मी तो खिडकीत टांगते आणि तो थेट जानेवारीच्या अखेरीस खाली येतो. शेजारच्या मुलांना तो आमचा नाताळचा तारा वाटतो, मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. या उबदार, निवांत घरपणाला नॉर्वेजियन लोक ‘कुशेली’ म्हणतात. चांगलं संभाषण कुशेली असतं, लोकरी मोजे कुशेली असतात, खिचडी तर कुशेलीच.

काही सूचना स्वयंपाकघरासाठी. घरात धुराची सूचना देणारं यंत्र असतंच आणि मोहरी-हिंगाची फोडणी त्याला आग वाटते. फोडणीआधी चुलीवरचा पंखा लावा, बेडरूमचं दार लोटा. यंत्राची बॅटरी काढून ठेवण्याचा शहाणपणा करू नका, लाकडी घर आहे. दही लागत नसेल तर विरजण ओव्हनमध्ये ठेवून फक्त आतला दिवा चालू करा, सकाळपर्यंत लागतं. इडलीचं पीठही तसंच फुगतं. खोबरेल वर्षभर घट्ट असतं, रोज रात्री ते हातापायांना लावा, कारण हीटरची हवा कातडी पार सुकवते. दिवसातून दोनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडा, मग बंद करा. हीटर लावून खिडकी तासन्‌तास किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं.

येताना बॅगेत तूप आणि पेढे कोंबू नका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. तिथलं लोणी उत्तम असतं, तूप घरी कढवा. घरभर जो वास सुटतो, तोही हिवाळ्यातलं एक सुखच.

अंग आणि मन

हिवाळ्याच्या महिन्यांत इतक्या उत्तरेला उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. नॉर्वेजियन लोक यासाठी ‘त्रान’ घेतात, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, रोज सकाळी एक चमचा. नावात ‘र’ असलेल्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, ते घ्यायचं असा जुना ठोकताळा आहे. प्रौढांसाठी रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाची शिफारस आहे. शाकाहारी असाल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेल्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मागा. भारतातून येतानाच रक्त तपासून घेतलंत तर आणखी चांगलं, आपल्यापैकी अनेकांची पातळी निघतानाच कमी असते.

झोपेची घडी सकाळी बसते, रात्री नाही. सुट्टीच्या दिवशीही एकाच वेळी उठा आणि उठल्याबरोबर भरपूर उजेड डोळ्यांसमोर येऊ द्या. 10,000 लक्सचा दिवा मिळतो, चहा पिताना अर्धा तास तो बाजूला असू द्या. डोळ्यांचा विकार असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. रात्री उलट करा: दिवे मंद, पडदा लोटलेला, फोन दुसऱ्या खोलीत.

करी लाइबोवित्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अभ्यासासाठी ट्रॉम्सोत येऊन राहिल्या. हिवाळ्याकडे लोक कसे बघतात, याची मोजणी त्यांनी तिथल्या विद्यापीठातल्या योआर वित्तेर्शो यांच्यासोबत केली. निष्कर्ष आपल्या अपेक्षेच्या उलट होता: जितकं उत्तरेला जावं, तितकी लोकांची हिवाळ्याबद्दलची दृष्टी अधिक आनंदी. अंधार वाढला म्हणून माणसं आपोआप खचत नाहीत, मोसमात काही करण्यासारखं दिसलं की ती तगतात.

तरीही प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. दोन-तीन आठवडे सलग उठावंसं न वाटणं, जेवणावरून मन उडणं, माणसं टाळणं असं झालं तर ते ‘घरची आठवण’ म्हणून झटकू नका. नॉर्वेत प्रत्येक रहिवाशाला नेमून दिलेला डॉक्टर असतो, त्याला ‘फास्तलेगे’ म्हणतात. त्याची वेळ घ्या. असे पेशंट त्याच्याकडे दर हिवाळ्यात येतात, लाजण्यासारखं काही नाही.

बाहेर पडा, पण कशासाठी?

वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात, अशा अर्थाची म्हण तिथल्या पोरासोरांच्या तोंडी असते. बालवाडीतली मुलं बर्फ पडत असतानाही रोज बाहेर खेळतात, तान्ही बाळं गाडीत लोकरीत गुंडाळून बाहेर झोपवतात. मराठी आईला पहिल्यांदा हे बघून धस्स होतं. दुसऱ्या वर्षी तीच आपल्या मुलाला ढकलून बाहेर काढते.

सुरुवात ‘स्पार्क’पासून करा. खुर्चीला दोन लांब लोखंडी पट्ट्या लावल्यासारखी ही गाडी असते. एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने ढकलायचं. खुर्चीवर किराणा बसतो, नाहीतर सासूबाई. नंतर स्की. ट्रॉम्सोच्या बेटावर दिव्यांनी उजळलेली स्कीची वाट आहे, अशा वाटेला ‘ल्युसलॉयपे’ म्हणतात. ऑफिस सुटल्यावर अंधारातही तिथे गर्दी असते. पहिल्या दिवशी चालायला शिकू नका, पडून उठायला शिका: दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, गुडघ्यावर यायचं, मग उभं राहायचं. आणि स्कीसाठी आखलेल्या जोडरेषांवरून बुटांनी चालू नका, लोक बोलणार नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असेल.

शनिवारी शेकोटीचा बेत करा. स्थानिक लोक नेहमी बसायला एक घडीचा फोमचा तुकडा नेतात, तो जरूर घ्या, बर्फावर उघड्याने बसल्यास सगळे थर वाया जातात. थर्मासमध्ये गरम ब्लॅककरंटचं सरबत किंवा आल्याचा चहा. ते लोक निखाऱ्यावर सॉसेज भाजतात. शाकाहाऱ्यांसाठी ‘पिन्नेब्रो’: कणकेची लांब वळी काठीला गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजायची. आपल्या बाटीची उत्तरेकडची बहीण समजा. आम्ही कणकेत ओवा घालतो.

डोंगरावर मात्र अंदाजाने जाऊ नका. हिमकडे कोसळण्याचा धोका नॉर्वेत 1 ते 5 अशा पातळ्यांत रोज जाहीर होतो. निघण्याआधी ‘वार्सोम’ या सरकारी संकेतस्थळावर तो बघा आणि हवामान ‘इर’वर. नवख्याने उतारांच्या खालून जाणाऱ्या वाटाही टाळाव्यात.

आभाळातला हिरवा पडदा

नॉर्दर्न लाइट्ससाठी पाहुणे हजारो क्रोन मोजतात. तुम्ही तिथे राहणार, तेव्हा तुम्हाला ते कचऱ्याची पिशवी टाकायला गेल्यावरही दिसतील. सप्टेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, संध्याकाळी सहा ते मध्यरात्रीनंतर एकपर्यंत संधी चांगली. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवाभोवतीच्या एका वलयात वातावरणावर आदळतात आणि ट्रॉम्सो नेमकं त्या वलयाखाली येतं. हिरवा रंग साधारण 100 किलोमीटर आणि त्याहून उंचीवरच्या ऑक्सिजनचा, त्याच्याही वर लाल. हे कोडं सोडवायला नॉर्वेजियन शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलान यांनी 1899 मध्ये आल्टाजवळच्या हाल्दे डोंगरावर वेधशाळा उभारली होती. त्या काळात तिथे हिवाळाभर राहणं म्हणजे काय, याचा विचार आपली बस पाच मिनिटं उशिरा आली की मी करते.

व्यवहाराची गोष्ट अशी: सौर हालचालीचे आकडे बघत बसण्यापेक्षा ढगांचा अंदाज बघा. किनाऱ्यावर ढग असले तर लोक गाडीने आत, शीबोत्नच्या दिशेने जातात, तिथलं आभाळ बहुधा कोरडं असतं. फोन तिपाईवर ठेवून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवून रस्त्यातच उभं राहणारे पर्यटक दर वर्षी दिसतात, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका. आणि दोन फोटो झाले की फोन खिशात घाला. तो पडदा हलतो कसा, ते फोटोत येत नाही.

जिभेचा हिवाळा

तिकडच्या बेकरीत शिराल तर पहिल्यांदा नाक ओळख देईल: वेलची! नॉर्वेजियन गोड पाव वेलचीशिवाय होत नाहीत. 13 डिसेंबरला लुसियाच्या दिवशी केशर घातलेले पिवळे पाव करतात, मुलं हातात दिवे घेऊन रांगेत गाणी म्हणतात. दालचिनी-लवंगेची पातळ बिस्किटं आणि ‘ग्लोग’ हे मसाल्याचं गरम पेय डिसेंबरभर चालतं. बिनदारूचं ग्लोग मागून घ्या, गुळाच्या काढ्याची सुधारलेली आवृत्ती लागते. हृदयाच्या आकाराच्या वॅफलवर तपकिरी चीज घालतात. दुधाची निवळी आटवून, त्यातली साखर करपायच्या बेताला आणून ते करतात. पहिला घास विचित्र, दुसऱ्याला कढईला लागलेला खवा आठवतो, तिसऱ्यापासून सवय.

मासेखाऊंसाठी जानेवारी ते एप्रिल हा सण आहे. ‘स्क्राय’ नावाचा कॉड बारेन्ट्स समुद्रातून अंडी घालायला लोफोतेनकडे येतो. मासा, यकृत आणि गाबोळी वेगवेगळी उकडून जे ताट वाढतात ते ‘मोल्ये’. आधी ते तसंच खा, तो त्या माशाचा मान आहे. दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं मालवणी तिखलं किंवा गोव्याचं हुमण करायला हरकत नाही. कोकमं भारतातून आणलेली असावीत.

एक सावधगिरी: रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि 24 डिसेंबरच्या दुपारपासून दोन दिवस गाव मिटतं. डाळ-तांदूळ आणि दूध आधीच भरून ठेवा.

माणसं

नॉर्वेजियन शेजारी स्वतःहून ‘या ना घरी’ म्हणणार नाही. तो ‘फिरायला येता का?’ म्हणेल. ते आमंत्रणच असतं, नकार देऊ नका. दारासमोरचा बर्फ एकत्र उपसताना जेवढी ओळख होते, तेवढी वर्षभर लिफ्टमध्ये होत नाही. जानेवारीत गावात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्यातले काही चित्रपट उघड्यावर, बर्फात उभं राहून बघतात. महिन्याच्या अखेरीस संगीताचा ‘नॉर्दर्न लाइट्स’ महोत्सव. 6 फेब्रुवारी हा सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस, 1917 साली त्रोन्हाइममध्ये भरलेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या सभेची आठवण. त्या सुमारास ट्रॉम्सोच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात. हे लोक तिथले मूळ रहिवासी. त्यांना ‘लॅप’ म्हणू नका, तो शब्द त्यांना अपमानाचा वाटतो. सामी परंपरेत वर्षाचे आठ ऋतू मानतात. आपण सहा मानतो, तेव्हा हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. ऋतू जितके जास्त, तितकं निसर्गाकडे लक्ष जास्त.

सूर्य येतो तेव्हा

14 जानेवारीला तीळ भाजा. तीळ तिथे मिळतात, गूळ आशियाई दुकानात. संक्रांतीच्या आगेमागेच सूर्य मोकळ्या क्षितिजावर यायला लागलेला असतो, फक्त ट्रॉम्सोच्या डोंगरांनी त्याला अडवलेलं असतं. तिळगूळ द्यायला शेजारच्या दारी जा. ‘गोड बोला’ याचं भाषांतर करताना थोडी तारांबळ उडते, पण कमी बोलणाऱ्या माणसांना ही कल्पना आवडते.

आठवडाभराने, 21 जानेवारीला, त्यांचा सूर्यदिन. शाळा-ऑफिसांत ‘सूलबोल्ले’ वाटतात, तळलेले गोल गोड पाव, आत जॅम. लोक दुपारी चौकात, टेकडीवर, खिडकीत उभे राहतात. आभाळ ढगाळ असलं तरी पाव खायचेच असतात. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या दिवशी ढगच होते. सूर्य कुणालाच दिसला नाही. पहिल्या वर्षी असं झालं असतं तर मी रडले असते. त्या दिवशी मात्र बेकरीतून दोन पाव जास्त घेतले आणि शेजारणीबरोबर स्कीला निघाले.

नंतर दिवस भराभर वाढतो, रोज साधारण दहा मिनिटं, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य मावळणंच सोडतो. पण उजेड आला म्हणजे हिवाळा गेला, असं समजून सगळं आवरायला घेऊ नका. बर्फ आणि ऊन दोन्ही असलेले मार्च-एप्रिल हे स्कीचे खरे महिने. ईस्टरला लोक संत्री, चॉकलेट आणि रहस्यकथा घेऊन डोंगरातल्या झोपडीत जातात. ट्रॉम्सोत बर्फाचा विक्रमी थर, 240 सेंटिमीटर, नोंदला गेला तो 29 एप्रिल 1997 रोजी. तेव्हा कंदील जानेवारीच्या अखेरीस उतरवा, ब्रॉडर मात्र मे महिन्यापर्यंत दाराशीच असू द्या.